खाण तशी माती, पिशवी तशी बाग

मृगाचे एक-दोन पाऊस झाले की आपल्या भागात कलमांच्या गाड्या धावू लागतात. वरूड, मोर्शी, शेंदूरजनाघाट या बाजूच्या पन्हेऱ्यांमधून संत्र्याची कलमे गावोगाव जातात, परप्रांतातही जातात. गाडीपाशी उभे राहून आपण काय बघतो? कलमाची उंची बघतो. पाला हिरवागार आहे की नाही ते बघतो. मग भावावर घासाघीस करतो. "दोन फुटी नको, तीन फुटीच दे बाबा," असे बजावतो. पण ज्या पिशवीत ते कलम महिनोन्‌महिने वाढले, त्या पिशवीत भरले काय आहे, हे विचारणारा विरळाच. पिशवी फाडून माती हातात घेणारा तर त्याहून विरळा.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, ही चाल बदलली पाहिजे. कलमाची किंमत त्याच्या उंचीवरून नव्हे, पिशवीतल्या मातीवरून आणि मुळांवरून ठरली पाहिजे. हे शेतकऱ्याने ठरवले पाहिजे, आणि सार्वजनिक पैशाने रोपे घेणाऱ्या ग्रामपंचायतीने तर आधी ठरवले पाहिजे.

जरा हिशेब करून बघा. सहा बाय बारा इंचाच्या पिशवीत साधारण दोन लिटर माती बसते. सहा मीटरवर संत्रा लावला तर एकरात सुमारे ११० झाडे बसतात. म्हणजे एका एकराच्या बागेसाठी पन्हेरीत लागते सव्वादोनशे लिटरच्या आसपास माती. आपल्याकडे डिझेलचा जो २०० लिटरचा लोखंडी ड्रम असतो, तो एक ड्रम आणि वर एक-दोन घमेली! पाचव्या वर्षी बहार धरायचा, पुढची पंधरा-वीस वर्षे त्या बागेवर संसार चालवायचा, मुलांची शिक्षणे, पोरीचे लग्न त्यावर काढायचे. आणि त्या सगळ्याचा पाया असतो ड्रमभर मातीत. ती माती बघायला आपल्याला सवड नाही, याला काय म्हणावे?

पिशवी म्हणजे छोटे शेत नव्हे

आपली पहिली गफलत इथे होते. चांगल्या शेतातली माती पिशवीत भरली की ती तिथेही चांगलीच राहणार, असे आपण धरून चालतो. पण शेताची रीत वेगळी, पिशवीची वेगळी.

शेतात पाऊस पडला की पाणी खालच्या थरात उतरते, त्या खालचा थर ते आणखी खाली ओढतो. पिशवीत तसे होत नाही. पिशवीला तळ असतो. पाणी तळाशी आले की थांबते. भोके असली तरी सगळे पाणी गळून जात नाही. मातीच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात आणि तळाच्या काही बोटांत चिखल राहतो. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवा आणि आडवा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. याचा अर्थ असा की, भांडे जितके उथळ, तितका त्यातला जास्त भाग चिंब राहतो. म्हणून शेतात जी माती उत्तम, ती पिशवीत मुळांचा गळा आवळते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे आपण विसरतो.

दुसरा एक समज घराघरात आहे. कुंडीच्या, डब्याच्या, पिशवीच्या तळाशी खडी नाहीतर विटांचे तुकडे टाकले की निचरा होतो म्हणतात. होत नाही. बारीक मातीतले पाणी भरड खडीत सहजासहजी उतरतच नाही. वरची माती पुरती चिंब झाल्याशिवाय ते खाली जात नाही. खडीचा थर टाकल्याने उलट मातीची उंची कमी होते आणि चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी ठेवणे वेगळे. पण निचरा हवा असेल तर भरड वस्तू तळाशी नव्हे, सगळ्या मातीत मिसळली पाहिजे. अंगणातल्या वृंदावनातली तुळस पावसाळ्यात काळी पडून जाते, त्यामागेही बहुधा पाणी धरून बसलेली मातीच असते.

काळी आई शेतात, पिशवीत नको

आपली काळी माती म्हणजे सोने, यात शंका नाही. कपाशीला, तुरीला, हरभऱ्याला तिच्यासारखी माती नाही. पण हीच माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, भेगाळते. शेतात त्या भेगांनी हवा खेळते. पिशवीत मात्र ती वाळली की प्लॅस्टिकपासून सुटून विटेसारखी होते. मग वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पाणी जास्त झाले तर तोच गोळा लोण्यासारखा चिकट होतो. दोन्हीकडून मरण मुळांचे.

यावर काही जण म्हणतात, थोडी रेती मिसळली की झाले. थोड्या रेतीने काही होत नाही. काळ्या मातीत मूठभर रेती टाकली तर मातीचे बारीक कण रेतीच्या दाण्यांमधल्या जागा भरून टाकतात आणि ती आणखी टणक होते. रेतीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तिचे दाणे एकमेकांना टेकतील इतकी ती असेल. मग निम्म्याहून अधिक रेतीच घालावी लागते. त्यापेक्षा काळी चिकण माती पिशवीत घेऊच नये. नदीकाठची पोयटा माती, हलकी तांबूस माती घ्यावी. धरणा-तलावातला गाळ म्हणून जे मिळते ते सगळेच पोयटा नसते. पुष्कळदा ती चिकण मातीच असते. तपासूनच घ्या.

तपासायचे कसे? काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घाला, पाणी भरून चांगली घुसळा आणि बाटली ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाशी बसेल, पोयट्याचे कण काही तासांत बसतील, आणि चिकण माती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवील. कोणता थर किती जाड, ते डोळ्यांनी दिसते. याला प्रयोगशाळा लागत नाही.

संत्र्यासाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती चुनखडी. चुनखडीच्या मातीत लोह आणि जस्त मुळांना मिळत नाही आणि शिरा हिरव्या पण पान पिवळे असे रोप दिसते. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फसफसून बुडबुडे आले की समजावे चुनखडी आहे. मुरूम मिसळत असाल तर त्यातले पांढरे खडे बघूनच मिसळा. आणि चुलीची राख "खत आहे" म्हणून पिशवीत ढकलू नका. आपल्या मुळातच चोपण-चुनखडीच्या भागात तिने सामू आणखी वाढतो.

शेणखत म्हणजे उकिरड्यावरचे शेण नव्हे

दुसरा घटक शेणखत. उकिरड्याचा वरचा थर ओढून आणला, मातीत कालवला, पिशव्या भरल्या. हे सर्रास चालते. कच्चे शेण पिशवीत कुजू लागले की तापते, मुळे पोळतात. त्यातून हुमणी येते, वाळवी येते, तणाचे बी येते. पिशवीतली हुमणी आपणच गाडीत घालून आपल्या शेतात आणतो आणि मग औषधाच्या दुकानापुढे रांग लावतो.

लाकडाचा भुसा, कच्चा पाचोळा, गव्हांडा, कुटार यांचेही तसेच. ते हलके असते, स्वस्त असते, म्हणून मिसळतात. पण असला काडीकचरा कुजवताना जिवाणू मातीतले नत्र आधी स्वतः खातात. रोप पिवळे पडते. मग पन्हेरीवाला वरून युरिया मारतो. चार दिवसांत पाला असा हिरवागार होतो, की बघणाऱ्याला वाटावे काय जोमदार कलम आहे! खाली मूळ मात्र बोटभर. बंधूंनो, फसवा हिरवेपणा म्हणतात तो हाच.

खत कुजले की नाही हे नाकाने, हाताने कळते. कुजलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, ते काळे-भुरभुरीत असते आणि त्यात काडी, शेण ओळखू येत नाही. ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. तरी शंका असेल तर दोन वाट्या घ्या. एकीत निम्मे खत व निम्मी रेती, दुसरीत नुसती रेती. दोन्हींत वीस-वीस मुगाचे किंवा मेथीचे दाणे पेरा. आठ दिवसांत खताच्या वाटीतले दाणे कमी उगवले, किंवा कोंब जळकट दिसले, तर ते खत अजून दोन महिने ढिगातच राहू द्या.

शेण कमी आहे, जनावरे राहिली नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण त्यावरचा तोडगा आपल्याच विदर्भातला आहे. पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत आपण सगळे ऐकून आहोत. विटांचे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके, भिंतींत हवेसाठी झरोके. काडीकचरा, माती आणि शंभर किलोच्या आसपास शेण एवढ्यावर तीन-चार महिन्यांत टाकेभर खत. त्याही आधी, १९२४ ते १९३१ या काळात, अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला शेतातल्या कचऱ्याचे खत करण्याची रीत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पऱ्हाट्या-तुराट्या बारीक करून कुजवायच्या की धुऱ्यावर पेटवायच्या, हे शेवटी आपल्याच हातात आहे.

खरा धोका दिसत नाही

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. संत्र्याच्या बागा कशाने जातात? पाण्याने जातात, भावाने जातात, पण डिंक्यानेही जातात. बुंध्यातून डिंक गळतो, साल कुजते, पाने शिरेपासून पिवळी होतात आणि ऐन भरात आलेले झाड वाळते. हा रोग फायटोप्थोरा नावाच्या बुरशीचा. ती मातीत राहते आणि तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. साचलेले पाणी आणि चिकण माती म्हणजे तिचे माहेरघर. आपल्या जंभेरीच्या खुंटाला हा रोग लवकर लागतो.

ही बुरशी बागेत येते कशी? पुष्कळदा आपणच तिला गाडीभाडे देऊन आणतो, पन्हेरीतल्या मातीतून. वाफ्यातून उपटून, मुळाला चिखलाचा गोळा बांधून दिलेल्या कलमात हा धोका सर्वांत जास्त. पण पिशवीतले कलमही, त्याच जुन्या वाफ्याची माती भरलेली असेल, तर त्यातून सुटत नाही. वर कलम टवटवीत, आत रोग. पुढे वर्षानुवर्षे बुंध्याला बोर्डो पेस्ट लावत बसायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि आडात जे आहे, ते पोहऱ्यात आल्यावाचून कसे राहणार?

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक मातीत, पिशवीत वाढवलेल्या कलमांचा पुरस्कार अनेक वर्षे केला, तो याच कारणाने. हा प्रश्न जगाने फार आधी ओळखला आहे. इंग्लंडमधल्या जॉन इनस संस्थेने १९३० च्या दशकात, जो तो माळी आपापली गुपित माती वापरतो आणि रोपे मरतात हे पाहून, ठरावीक मिश्रण बसवले. कुंडीसाठी सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग भरड रेती. आणि मुख्य म्हणजे माती आधी वाफेने निर्जंतुक केलेली. तिकडे वाफेसाठी इंधन जाळावे लागले. आपल्याकडे वैशाखाचे ऊन फुकट आहे.

एप्रिल-मे महिन्यात चाळलेली माती सपाट जागेवर अर्धा फूट जाडीने पसरा. पाणी मारून ओली करा. वरून पारदर्शक पातळ प्लॅस्टिक अंथरा, काळे नको, आणि कडा मातीने दाबून हवाबंद करा. चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हात आतली माती इतकी तापते की रोगकारक बुरशी, किडींची अंडी, तणाचे बी पुष्कळसे नष्ट होते. नंतर ट्रायकोडर्मा मिसळा. आधी मिसळाल तर तीही उन्हातच मरेल. शंभर किलो कुजलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा कालवून, सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवून मग मिसळावी. ही मदतनीस आहे, जादूचे औषध नव्हे.

मिश्रण कसे असावे

दोन भाग चाळलेली पोयटा माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा नाडेप खत, एक भाग भरड रेती. घमेल्याने मोजा, अंदाजाने नको. माती थोडी जड असेल तर रेती वाढवून तिन्ही सारखे घ्या. हजार पिशव्यांना दोन हजार लिटर, म्हणजे पाऊण ब्रासच्या आतच मिश्रण लागते. मिसळल्यावर ते थोडे बसते, म्हणून दहा टक्के जास्तीचे धरा.

रेती महागली, हे खरे. पण एकराच्या ११० पिशव्यांना रेती लागते किती? चार घमेली! एवढी रेती घराच्या बांधकामात वाया जाते. तीही मिळत नसेल तर क्रशरची चुरी चाळून, धुऊन, तिची पूड काढून वापरा. धानाच्या पट्ट्यातले अर्धवट जळालेले तूस मिळत असेल तर तेही माती हलकी ठेवते.

हल्ली बाजारात तयार मिश्रणाच्या रंगीत पिशव्या आल्या आहेत. कोकोपीट आले, गांडूळ खत आले. वाईट नाहीत, पण डोळे मिटून घेऊ नका. कोकोपीट नारळाच्या काथ्याचा भुगा. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते. भाजीपाल्याच्या ट्रेमधल्या रोपांना चांगले. पण काथ्या खाऱ्या पाण्यात भिजवलेला असेल तर भुग्यात मीठ उतरते. ते स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊनच वापरावे. त्यात अन्न जवळजवळ नसते, ते वरून द्यावे लागते. शिवाय वर्षभर नुसत्या कोकोपीटमध्ये वाढलेले कलम काळ्या रानात लावले की मुळे त्या मऊ गोळ्यातच घुटमळतात, बाहेरच्या मातीत जायला नाखूश असतात. वर्षभराच्या कलमाला मातीचाच आधार हवा. गांडूळ खताला खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली निकष ठरलेले आहेत. मोठी खरेदी असेल तर विश्लेषणाचा अहवाल मागा. काळ्या रंगाचे सगळे गांडूळ खत नसते.

आणि पाणी! पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या बंधूंनी हे जास्त ध्यानात ठेवावे. शेतातले मीठ पावसाने खाली तरी जाते. पिशवीत पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पिशवीच्या तोंडाशी पांढरी पापडी दिसली, पानांची टोके जळाली, की कारण बहुधा हेच. तसे झाले तर गोड्या पाण्याने पिशवी भरपूर धुऊन, पाणी खालून वाहू द्या.

पिशव्या कधीही उघड्या मातीवर ठेवू नका. खाली मुरूम-खडी पसरा. नाहीतर जमिनीवरचे साचलेले पाणी भोकातून आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, अगदी अक्षरशः.

घेताना पाच मिनिटे

कलमे घेताना गाडीतली कोणतीही चार-पाच कलमे आपण निवडा, पन्हेरीवाल्याला निवडू देऊ नका. पिशवीत तांब्याभर पाणी ओता. मिनिटाभरात ते जिरून खालून ठिबकू लागले तर ठीक. दहा मिनिटे वर तळे साचून राहिले तर ती गाडी परत पाठवा. मग एक पिशवी फाडा. ओली माती मुठीत दाबून बोटाने टोचा. गोळा फुटून भुगा झाला पाहिजे, चिकटून राहता कामा नये. मुळे तळाशी वेटोळे घालून बसली असतील तर ते कलम पिशवीत मुदतीबाहेर राहिले आहे. शेवटी बारीक तंतुमुळे चिमटीत धरून ओढा. वरचे आवरण निसटून आत नुसता दोरा राहिला तर मूळकूज आहे, उंची चार फूट असली तरी! डोळा जमिनीपासून नऊ इंचांच्या वर भरलेला असावा, आणि लावताना तो सांधा मातीखाली जाऊ देऊ नये.

पाच पिशव्या फाडल्या म्हणून पन्हेरीवाला कुरकुरेल. त्याला त्या पाचांचे पैसे द्या. बागेपुढे ते काहीच नाहीत.

पन्हेरीवाल्याचीही एक बाजू आहे, ती न सांगणे अन्यायाचे होईल. तो म्हणतो, "चांगली माती घातली, उन्हात तापवली, खर्च वाढला. दोन रुपये जास्त मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या पन्हेरीत जाते." खोटे नाही ते. आपण उंचीला पैसे देतो, म्हणून तो उंची विकतो. आपण मुळाला पैसे देऊ लागलो तर तो मूळ विकील. बाजार गिऱ्हाइकाच्या नजरेवर चालतो. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे, परवाना लागतो, हे सगळे ठीक. पण कायद्याचा माणूस प्रत्येक पिशवी फाडायला येणार नाही. ते काम घेणाऱ्याचे.

ग्रामपंचायतीने काय करावे

आता थोडे सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मंडळींसाठी. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे ठेवली गेली. रोजगार हमीतून फळबाग लागवड १९९० च्या सुमारास सुरू झाली, तिने राज्यात फळबागा वाढवल्या हे मान्यच. पण खड्ड्यांची मोजणी होते, फोटो निघतात. पिशवीतल्या मातीचा रकाना कोणत्याही तक्त्यात आमच्या पाहण्यात नाही. रोप मेले की "पाणी कमी पडले" किंवा "जनावरांनी खाल्ले" असे लिहून मोकळे! पुष्कळदा ते रोप खड्ड्यात जाण्याआधीच अर्धे मेलेले असते, विटेसारख्या मातीच्या गोळ्यात, वेटोळे घातलेल्या मुळांनिशी.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, रोपांच्या दरपत्रकात उंचीबरोबर पिशवीचा आकार आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून मागावे. सर्वांत कमी दर हाच एक निकष ठेवाल तर सर्वांत वाईट मातीच मिळेल. दोन, रोपे उतरवून घेताना पंचांसमक्ष दर गाडीमागे पाच पिशव्या फाडून पंचनामा करावा. तीन, जमेल त्या गावाने आपली छोटी पन्हेरी काढावी. माती गावाची, खत गावच्या नाडेप टाक्याचे, ऊन देवाचे, आणि पिशव्या भरायला महिला बचत गट. पैसा गावात राहतो आणि मातीत काय आहे हे गावाला ठाऊक असते. चार, लावलेल्या झाडांची मोजणी पावसाळ्यात नव्हे, पुढच्या मे महिन्यात करावी. तेव्हा जे उभे असेल तेच खरे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या बारीक गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? आमच्या बापजाद्यांनी कुठे माती तापवली होती? त्यांनी तापवली नव्हती, पण नांगरून उन्हाळाभर रान उन्हात टाकायला ते कधी चुकले नाहीत. नांगरटीनंतर जमीन तापली पाहिजे, हे आपल्या वडिलांचेच शहाणपण. आम्ही तेच पिशवीच्या मातीला लावा म्हणतो, नवे काही नाही. शिवाय त्यांची झाडे गावची कोय लावून जागेवरच वाढत. पिशवी आपल्या काळात आली. तिचे शहाणपणही आपणच शिकले पाहिजे.

बी घेताना आपण पाकिटावरची तारीख बघतो, उगवणशक्ती विचारतो, पावती जपून ठेवतो. बी एका हंगामाचे असते. बाग पिढीची असते. येत्या मृगात गाडी दारात आली की आधी खिशात हात घालू नका, आधी पिशवीतल्या मातीत हात घाला. ती माती हाताला भुरभुरीत लागली, नाकाला गोड लागली आणि मूळ पांढरे, टणक निघाले, तर दोन रुपये जास्त द्या आणि आनंदाने द्या. नाही तर हात झटका आणि गाडी पुढे जाऊ द्या. मृग पुढल्या वर्षीही येईल. वाळलेल्या बागेची वर्षे मात्र परत येत नाहीत.